मागील सभेचे इतिवृत्त

आमच्या गावच्या क्लबच्या मीटिंगचा चौथा विषय होता टीव्ही. क्लबरूमच्या भिंतीवरचा जुना लाकडी फलक एका कोपऱ्यात ओल धरून फुगलाय, सोनेरी अक्षरांचे पापुद्रे सुटायला लागलेत. तेव्हा त्याच्या शेजारी एक मोठा स्क्रीन लावायचा आणि सगळी यादी त्यावर फिरती ठेवायची, असं ठरत होतं. वर्ष, अध्यक्ष, चिटणीस, कर्णधार, वर्षातला सर्वोत्तम खेळाडू. यादी एक्सेलमध्ये चढवण्याचं काम अर्थातच खजिनदाराचं, म्हणजे माझं. आमचा चिटणीस विशीतला इलेक्ट्रिशियन, अतिशय कामसू पोरगा. त्याने माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं आणि सहज म्हणाला की मधल्या आठ ओळी रिकाम्याच आहेत, १९१६ ते १८ आणि १९४१ ते ४५; त्या काढल्या तर सगळं दोन पानांत नीट बसेल. कुणी काही बोललं नाही. हीटर घरघरत होता, बाहेर पाऊस होता, सगळ्यांना घरी जायचं होतं. तेवढ्यात कोपऱ्यात बसून रॅफलच्या तिकिटांचे गठ्ठे बांधणाऱ्या आमच्या किचनच्या आजी मान वर न करता म्हणाल्या, त्या ओळी राहू देत. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पाचवा विषय बायकांच्या टॉयलेटच्या तुटलेल्या कडीचा होता. त्यावर मात्र बराच वेळ घनघोर चर्चा झाली.

घरी येताना, आणि नंतर कित्येक दिवस, ते वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. ज्या वर्षी सामना झाला नाही, कर्णधार निवडला नाही, कप कुणाला मिळाला नाही, त्या वर्षाची ओळ ठेवायची कशाला? आम्हा हिशेबाच्या माणसांना रिकामा रकाना दिसला की हात शिवशिवतात. एक तर तिथे शून्य लिहा, नाहीतर ओळ काढा. पण शून्य म्हणजे खेळले आणि हरले. इथे तसंही नव्हतं.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या एका गव्हाच्या आणि मेंढ्यांच्या गावात साताऱ्याची बाई फूटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, क्लबची खजिनदार कशी झाली, हे सांगण्यासारखं फारसं नाही. मुलगा खेळायला लागला, मी त्याला सोडायला जायला लागले, कुणाला तरी कळलं की ही अकाउंटंट आहे, संपलं. आपल्याकडे गणेश मंडळातही असंच होतं. खेळ समजायला मात्र मला बरेच हिवाळे लागले. क्रिकेटचंच मैदान, पण हिवाळ्यातलं. एका बाजूला अठरा खेळाडू, लांबट चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब, आणि मधे जे काही चालतं त्याला पहिल्यांदा पाहणारा माणूस मारामारीच म्हणेल. शनिवारी सकाळपासून मैदानाच्या कुंपणाला नाक लावून गाड्या उभ्या राहतात. म्हातारी मंडळी गाडीतून उतरतच नाहीत. काच थोडी खाली, थर्मासमधला चहा, मांडीवर घोंगडी. गोल झाला की सगळ्या गाड्या एकदम हॉर्न वाजवतात आणि शेजारच्या कुरणातल्या मेंढ्या, ज्यांना हे जन्मापासून माहीत आहे, त्या मान वळवूनही पाहत नाहीत. पलीकडे नेटबॉलच्या शिट्ट्या. ड्रेसिंगरूममधून मलमाचा झणझणीत वास येतो, किचनमधून तळणाऱ्या कांद्याचा, आणि दोन्ही मिळून जो वास होतो तो मला आता शनिवारचाच वाटतो. गावातली बँक बंद झाली, रेल्वे तर कधीच गेली, शाळेत पोरं कमी झाली. क्लब उरलाय. त्यामुळे क्लब बंद होता अशी आठ वर्षं होती, हे वाक्य वाचायला जितकं साधं तितकं कल्पनेत उतरवायला अवघड.

मग मी वाचत सुटले. पहिल्या महायुद्धात मेलबर्नमध्ये खेळावं की नाही यावरून जे रण माजलं होतं ते वाचताना मला सारखं आपल्याकडच्या वर्तमानपत्री वादांची आठवण येत होती, कारण वाद देशभक्तीचा म्हणून मांडला जात होता आणि आतून तो पैशाचा आणि वर्गाचा होता. ज्या क्लबांत डॉक्टर, वकील, कॉलेजची पोरं, त्यांचं म्हणणं की तरुणांनी चेंडूमागे धावणं लाजिरवाणं आहे, स्पर्धा थांबवा. ज्या क्लबांचा पाठीराखा कारखान्यातला कामगार, त्याचं म्हणणं की आठवडाभर राबल्यावर शनिवारची दुपार तेवढी आमची आहे, ती कोण हिरावून घेणार. १९१६ च्या मोसमात व्हिक्टोरियन लीगमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या क्लबांच्या स्पर्धेत, शेवटी चारच संघ उरले: कार्लटन, कॉलिंगवूड, फिट्झरॉय आणि रिचमंड. त्या वर्षी फिट्झरॉय चारांत चौथा आला आणि तरीही बाद फेरीतले सामने जिंकून विजेता ठरला. युद्धकाळ नसता तर या गोष्टीवर लोक जन्मभर हसले असते. सेंट किल्डाचे रंग तांबडा, पांढरा आणि काळा होते, म्हणजे नेमके जर्मन साम्राज्याच्या झेंड्याचे. १९१५ मध्ये त्यांनी पांढरा काढून पिवळा घातला आणि ते बेल्जियमचे रंग झाले. पांढऱ्या पट्ट्याने कुणाचं काय बिघडवलं होतं कोण जाणे. पण घरात बसून युद्ध लढणाऱ्यांना नेहमी असंच काहीतरी हाताशी सापडतं.

१९१७ मध्ये ‘स्पोर्ट्समेन्स थाउजंड’ नावाची भरतीची मोहीम निघाली: हजार खेळाडूंची एक तुकडी. पोस्टरवर अल्बर्ट जॅका, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश किताब मिळवलेला, वेडरबर्नसारख्या छोट्या गावातून गेलेला जंगलखात्याचा मजूर. एकत्र भरती व्हा, एकत्र शिका, एकत्र जहाजात चढा, एकत्र लढा, असा पोस्टरचा मजकूर. ‘याहून मोठा सामना’ ही भाषाही तेव्हाचीच. मला या भाषेचा राग येतो. आजही एप्रिलमध्ये ॲन्झॅक डेच्या, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनाच्या, आसपासच्या सामन्याआधी कुणीतरी माइकवर येऊन मैदानावरच्या पोरांच्या धैर्याची तुलना खंदकातल्या पोरांशी करतं, आणि माझा मुलगा, ज्याला आदल्या रात्री गणिताचा गृहपाठ टाळण्याचं धैर्यही नीट जमलेलं नसतं, तो मान खाली घालून गंभीर चेहऱ्याने उभा असतो. त्यानंतर बिगुल वाजतं, एक मिनिट सगळं शांत होतं, आणि माझा राग मावळतो. दोन्ही खरं आहे. ते मला आजवर सोडवता आलेलं नाही.

खेड्यात मात्र हा वाद फारसा रंगलाच नसावा, असं मला वाटतं. तिथे गणित सोपं होतं. अठरा माणसं लागतात. शहरातल्या क्लबला अठरा गेली तर गल्लीत दुसरी अठरा उभी असतात. इथे संघ म्हणजे चार शेतकऱ्यांची मिळून सात-आठ पोरं, मेंढ्यांची लोकर कातरणारे दोघे-तिघे, रेल्वेचा पोर्टर, बँकेतला कारकून, शाळामास्तर, आणि लग्न होऊन पोट सुटलेला एखादा जुना गडी जो माणूस कमी पडला की उभा राहतो. त्यात १९१४ साली दुष्काळ. शेतात काम नव्हतं, जनावरं मरत होती, आणि सैन्यात दिवसाला सहा शिलिंग मिळत होते. ही रक्कम त्या काळच्या इतर कुठल्याही फौजेच्या मानाने चांगली होती. कुणी देशासाठी गेलं असेल, कुणी शिलिंगांसाठी, कुणी इजिप्त पाहायला, आणि बरेचसे तर शेजारचा चालला म्हणून. सहा गेले की संघ डळमळतो. दहा गेले की शेजारच्या गावाचेही दहा गेलेले असतात, मग खेळायचं कुणाशी? क्लब बंद करावा असा तात्त्विक ठराव करायची गरजच पडत नाही. पोस्टर छापलं जाण्याआधीच ही पोरं एकत्र भरती झाली होती.

२८ ऑक्टोबर १९१६ ही तारीख मी वहीत लिहून ठेवली आहे. त्या दिवशी लंडनच्या क्वीन्स क्लबवर ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या दोन संघांत फूटीचा प्रदर्शनीय सामना झाला. एक संघ तिसऱ्या डिव्हिजनचा, दुसरा प्रशिक्षण तुकड्यांचा. प्रिन्स ऑफ वेल्स पाहायला आले होते. इंग्रज प्रेक्षकांना खेळातलं ओ की ठो कळलं नसणार. त्यानंतर महिन्याभरातच तिसरी डिव्हिजन फ्रान्सला गेली. आणि त्याच तारखेला इकडे ऑस्ट्रेलियात मतदान होतं: परदेशातल्या लढाईसाठी सक्तीची भरती करावी की नाही. सुमारे ७२ हजार मतांनी लोकांनी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. पन्नास लाखांच्या आतबाहेर लोकसंख्येच्या या देशातून ४ लाख १६ हजारांहून जास्त माणसं सैन्यात गेली, ६० हजारांच्या वर मेली, आणि ती सगळी स्वखुशीने गेलेली. स्वखुशी हा शब्द मी जपूनच वापरते. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे शनिवारी मोकळ्या मैदानाजवळून चालत जाणाऱ्या धडधाकट पोराला काय वाटत असेल, याचा अंदाज खेड्यात वाढलेल्या कुणालाही येईल.

व्हिक्टोरियातल्याच बॅलरॅट शहराहून पश्चिमेला निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं सुरू होतात आणि सुमारे २२ किलोमीटर संपत नाहीत. माझा ऑफिसच्या कामानिमित्त तो रस्ता कैकदा झालाय. एल्म, ॲश, पॉप्लर, मेपल; शरद ऋतूत पिवळा पाचोळा गाडीच्या काचेवर येऊन आपटतो. ३,७०० हून जास्त झाडं, पहिल्या युद्धात त्या परिसरातून गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक. ती लावली ल्युकास कंपनीच्या कपड्यांच्या कारखान्यातल्या मुलींनी. तिथे बायकांचे आतले कपडे शिवले जात. १९१७ पासून दोनेक वर्षं, सुट्टीच्या दिवशी, कुदळ-फावडं घेऊन. झाडांचा क्रम हुद्द्यावर नाही, आडनावावर नाही, भरतीच्या तारखेवर आहे. हे कळल्यापासून मी तो रस्ता वेगळ्या तऱ्हेने पाहते. भरतीच्या रांगेत जो ज्याच्या पुढे-मागे उभा होता तो त्याच्याच शेजारी उभा आहे. शनिवारी खेळून सोमवारी भरती झालेल्या मित्रांची झाडं लागोपाठ लागली असणार.

त्या ल्युकास मुलींची आणखी एक गोष्ट आहे. झाडांच्या सुरुवातीला एक कमान बांधायची होती, तिला पैसे हवे होते. सप्टेंबर १९१८ मध्ये बॅलरॅटच्या मैदानावर या मुली फूटी खेळल्या, मेलबर्नच्या सरकारी कपडे कारखान्यातल्या ‘खाकी गर्ल्स’विरुद्ध. हजारो लोक पाहायला जमले. शिवणयंत्रावर सैनिकांचे गणवेश शिवणाऱ्या बायका एका बाजूला, झाडं लावणाऱ्या दुसऱ्या बाजूला. पर्थमध्ये फॉय अँड गिब्सन या दुकानातल्या मुली तर १९१५ पासूनच खेळत होत्या. पुरुष परत आले आणि बायकांचा खेळ पुन्हा बाजूला पडला. त्यांची राष्ट्रीय लीग सुरू व्हायला २०१७ साल उजाडलं. कमान १९२० मध्ये उघडायला आले तेच प्रिन्स ऑफ वेल्स. आमच्या क्लबात आता मुलींचा संघ आहे, आणि किचनच्या आजींचं त्याबद्दलचं मत फारसं बरं नाही. पण मुलींच्या सामन्याच्या दिवशी सूप मात्र त्या जरा जास्तच करतात.

इथल्या प्रत्येक गावात युद्धस्मारक आहे, कितीही छोटं गाव असो. बहुतेक ठिकाणी मेलेल्यांबरोबर परत आलेल्यांचीही नावं असतात. सक्ती नव्हती, जो गेला तो आपणहून गेला, म्हणून जाणं हीच नोंदण्यासारखी गोष्ट. मी पहिल्यांदा आमच्या गावातल्या स्मारकासमोर उभी राहिले तेव्हा मला आजोळ आठवलं. साताऱ्याच्या बाजूला, आणि कोकणातही, कित्येक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली असते. या गावातून महायुद्धाला इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, १९१४ ते १९१९. आकडे. नावं नाहीत. लहानपणी त्या पाटीखाली आम्ही चिंचोके खेळायचो आणि आकड्यांवर बोटं फिरवायचो, कोण गेलं होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्यांनाही ठाऊक नसावं. पहिल्या युद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याला जे स्मारक उभारलं त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी शिपायांची मात्र पलटणीनिहाय संख्या. नाव हवं असेल तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवावा लागे, दुसऱ्या युद्धात इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधवांनी मिळवला तसा. घाडगे तर तो घ्यायला जिवंतही राहिले नाहीत. आमच्या स्मारकावरच्या पोर्टरच्या पोराला नाव मिळायला काहीच करावं लागलं नव्हतं, फक्त जावं लागलं होतं. हेवा वाटावा अशी ही गोष्ट नव्हे, पण मला तो वाटला.

इथेही नावं सगळ्यांना सारखी मिळाली असं समजायचं कारण नाही. मरे नदीच्या काठावर, न्यू साउथ वेल्सच्या बाजूला कुमेरागुंजा नावाची आदिवासींची वस्ती आहे. तिथला फूटी संघ एके काळी आसपासच्या गोऱ्या संघांना नको-नको करून सोडत असे. कायद्याप्रमाणे सैन्यात युरोपीय वंशाची माणसं हवी होती. तरी आदिवासी पोरं भरती झाली, नियम सैल झाल्यावर आणखी झाली. आदिवासींच्या हक्कांसाठी लढणारे विल्यम कूपर याच वस्तीशी जोडलेले. त्यांचा मुलगा डॅनियल १९१७ मध्ये बेल्जियमच्या रणांगणावर मारला गेला. दुसरं युद्ध दाराशी आलं तेव्हा कूपर सरकारला लिहून विचारत होते की ज्या देशात आमच्या माणसाला हक्क नाहीत त्याच्यासाठी त्याने का लढावं. फेब्रुवारी १९३९ मध्ये कुमेरागुंजातली दीडशेच्या वर माणसं तिथल्या व्यवस्थापनाच्या जाचाला कंटाळून सामानसुमान उचलून नदीपलीकडे व्हिक्टोरियात निघून गेली. गाव रिकामं व्हायला महायुद्धच लागतं असं नाही.

दुसऱ्या युद्धाने खेड्यातल्या क्लबांना वेगळ्या बाजूने धरलं. माणसं तर गेलीच, पण त्याआधी पेट्रोल गेलं. ऑक्टोबर १९४० पासून रेशनिंग. पहिल्या युद्धात संघ रेल्वेने नाहीतर घोडागाडीने जायचे. वीस वर्षांत सगळे मोटारींवर आले होते, आणि आता मोटार उभी. लोकांनी गाड्यांच्या मागे कोळशावर गॅस तयार करणारी अवजड यंत्रं बसवून घेतली. चढावर गाडी दम टाकायची, उतरून ढकलायला लागायची, कपडे काजळीने भरायचे. अशा गाडीतून चाळीस मैलांवर खेळायला जायचं, खेळायचं, आणि रात्री गाई दोहायला परत यायचं, हे गणित कितीही क्लबप्रेमी माणसाला जमणारं नव्हतं. जीलाँगसारखा मोठा क्लबसुद्धा प्रवासाच्या अडचणीमुळे १९४२ आणि ४३ ला लीगमधून बाहेर राहिला. मेलबर्नचं क्रिकेट ग्राउंड सैन्याने घेतलं, तिथे अमेरिकन सैनिक झोपू लागले. ॲडलेडमध्ये क्लबांच्या जोड्या लावून एकेक संघ केला. जन्माचे वैरी एका जर्सीत. जून १९४२ पासून कपड्यांना कुपनं लागायला लागली, मग चहाला, साखरेला, लोण्याला.

आणि क्लब बंद झाला म्हणजे काय झालं? सामने थांबले. बाकीचं काही थांबलं नाही, उलट वाढलं. हॉलमध्ये नाच ठेवायचे, एका बशीला इतके पेनी, ते पैसे सैनिकांच्या पार्सलांना. लोकरीचे मोजे विणायचे. बायकांनी तोफा-गाड्या शत्रूच्या नजरेपासून लपवायची जाळी विणली, हात सोलवटेपर्यंत, दोरा राठ असायचा म्हणतात. फ्रूटकेक पत्र्याच्या डब्यात घालून, झाळून, वर कापड शिवून जहाजाने पाठवायचे, आणि तो पोचेपर्यंत ज्याच्या नावाने पाठवला तो असेलच याची खात्री नसायची. १९४३ पासून शेतांवर इटालियन युद्धकैदी कामाला मिळू लागले, पहाऱ्याशिवाय. म्हणजे ज्या घरचा मुलगा जपान्यांच्या कैदेत होता त्याच घरच्या टेबलावर इटालियन कैदी जेवत असण्याची शक्यता होती. त्याला वाढणाऱ्या बाईच्या मनात काय येत असेल? माझ्या मुलालाही कुणीतरी असंच वाढावं, एवढंच बहुधा.

कारण त्या मुलांपैकी पुष्कळ जण सिंगापूरला होते. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि सुमारे पंधरा हजार ऑस्ट्रेलियन एका दिवसात कैदी झाले. तिथल्याच चांगीच्या कैदी-छावणीत, मूठभर भाताच्या शिध्यावर, त्यांनी फूटीची लीग सुरू केली. मेलबर्नच्या क्लबांची नावं घेतलेले संघ, नियम, पंच, सगळं रीतसर. चालवणाऱ्यांत विल्फ्रेड स्मॉलहॉर्न, ज्यांना सगळे ‘चिकन’ म्हणत, १९३३ चे ब्राउनलो पदकविजेते, म्हणजे त्या वर्षीचे लीगमधले सर्वोत्तम खेळाडू. जानेवारी १९४३ मध्ये व्हिक्टोरिया विरुद्ध उरलेला ऑस्ट्रेलिया असा मोठा सामना झाला, हजारो कैदी मैदानाभोवती. त्यानंतर छावणीचं ब्राउनलो पदक दिलं गेलं, तिथेच जमवाजमव करून बनवलेलं, आणि ते मिळालं पीटर चिटी यांना. चिटी कडजेवाचे. कडजेवा म्हणजे व्हिक्टोरियाच्या ईशान्य टोकाला, कॉरियाँगजवळ, मरेच्या उगमाकडच्या डोंगरांत वसलेलं गाव, आजही छोटंच. तिथे क्लब आहे आणि चिटी भावंडांचं नाव त्या भागात अजून निघतं. पीटर युद्धाआधी सेंट किल्डाकडून जेमतेम दोन सामने खेळले होते. म्हणजे मोठ्या लीगच्या हिशेबात नगण्य माणूस. चांगीनंतर जपान्यांनी कैद्यांना राबवून बांधलेली बर्मा रेल्वे, तिथून जिवंत परत, पुढे सहकैद्यांची जी सेवा केली तिच्यासाठी ब्रिटिश एम्पायर मेडल. ते ब्राउनलो आता कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमध्ये काचेमागे आहे.

त्यांचा धाकटा भाऊ बॉब तोवर कार्लटनचा कर्णधार झाला होता. २९ सप्टेंबर १९४५, जपानने शरणागतीवर सही करून महिनाही झाला नव्हता. कार्लटनच्याच मैदानावर, कारण मोठं मैदान अजून मोकळं झालेलं नव्हतं, ६२ हजारांहून जास्त गर्दीसमोर साउथ मेलबर्नशी अंतिम सामना. कार्लटन जिंकलं, पण तो सामना ‘ब्लडबाथ’ म्हणूनच ओळखला जातो. इतकी हाणामारी की नंतर खेळाडूंना शिक्षांची रांग लागली, त्यांत बॉबही. सहा वर्षं देशाने दात-ओठ आवळून धरले होते, ते सगळं त्या दुपारी बाहेर आलं असं लोक म्हणतात. मला ते पटतही नाही आणि खोडूनही काढता येत नाही. एक भाऊ मरायला टेकलेल्यांना पाठीवर घेऊन जगवतो आणि दुसरा कोपराने प्रतिस्पर्ध्यांना आडवं करतो. आई एकच.

आमच्या स्क्रीनवर त्या आठ ओळी राहिल्या. वर्षापुढे रिकामी जागा, दुसरं काही नाही. चिटणिसाने तिथे युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचं पॉपीचं लाल फूल टाकू का असं विचारलं होतं. आजींनी नाही म्हटलं, आणि त्या बाबतीत मीही त्यांच्या बाजूने होते.

यादी तपासायला म्हणून क्लबच्या लोखंडी कपाटातून जुन्या मिनिट-बुका काढल्या. पानं पिवळी, कसरीचा वास, शाई तपकिरी पडलेली. १९४१ ची शेवटची सभा अर्ध्या पानावर संपते: सात जण हजर, पेट्रोल आणि खेळाडू दोन्ही अपुरे असल्याने पुढील सूचनेपर्यंत सामने बंद, शिल्लक बँकेत राहू द्यावी, मैदानाचा रोलर क्रिकेट क्लबला वापरायला द्यावा. त्याखाली पुढची सभा. नवं पान घेतलेलं नाही, कागद महाग असेल. एक ओळ सोडून लगेच १९४६. अक्षर तेच. आणि पहिला विषय, जो पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या सभेत असतो तोच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. पाच वर्षांपूर्वीच्या सभेचं. जणू मधे एक महिना गेलाय. सूचक आणि अनुमोदक मात्र दोन्ही नवीन नावं, त्या सातांतली नव्हेत. मग वर्गणी, मग जर्स्या. उंदरांनी कुरतडलेल्या, आणि नव्या शिवायच्या तर कपड्याची कुपनं अजून चालूच होती, ती कुणी द्यायची यावरून एक माणूस सभा सोडून गेल्याची नोंद आहे. त्यानंतर मागील सभेवरून उद्भवलेले विषय: क्रिकेट क्लबने रोलर परत केलेला नाही, चिटणिसांनी पत्र पाठवावे. पुढच्या सभेत पुन्हा तोच विषय आहे. पत्र पाठवलं, उत्तर नाही. त्याच्या पुढच्या सभेत आणखी एक पत्र, जरा कडक भाषेत.